वाचकांचे प्रश्न : फाटकावरची बेल घरच्या नेटवर्कवर आणताना

प्रश्न : साताऱ्याजवळ आमच्या घराचे बांधकाम सुरू आहे. रस्त्यालगतच्या लोखंडी फाटकापासून घराच्या दारापर्यंत सुमारे 40 मीटर अंतर आहे. फाटकावर कॅमेऱ्याची बेल, घरात दोन मजल्यांवर दोन मॉनिटर आणि आतून उघडता येईल असे विजेचे कुलूप बसवण्याचा विचार आहे. एका विक्रेत्याने वाय-फायचे यंत्र सुचवले, तर दुसरा केबल टाकण्याचा आग्रह धरतो आहे. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : दुसऱ्याचे ऐकावे, आणि तेही अंगणात फरशी बसण्यापूर्वी. यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यावे हा प्रश्न सहा महिन्यांनी सोडवला तरी चालतो. जमिनीखालचा पाइप मात्र आताच पडला पाहिजे. 40 मीटर अंतर, मध्ये काँक्रीटच्या भिंती आणि समोर लोखंडी फाटक अशा जागी वाय-फायचा सिग्नल मिळाला तरी तो पावसापाण्यात आणि शेजाऱ्यांच्या राउटरांच्या गर्दीत टिकेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय वाय-फायच्या यंत्रालाही वीज लागतेच. म्हणजे वायर टाकणे काही चुकत नाही.

फाटकापर्यंत दोन स्वतंत्र पाइप न्यावेत. एकात 230 व्होल्टची वायर, म्हणजे फाटकावरच्या दिव्याची, आणि दुसऱ्यात नेटवर्कची केबल व कुलपाची वायर. दोन्ही एकाच पाइपातून नेण्याचा मोह वायरमनला होतो. तो तेथेच थांबवावा, कारण त्यात नेटवर्कच्या सिग्नलमध्ये अडथळा येण्याचा प्रश्न आहेच, पण एखाद्या दिवशी इन्सुलेशन खराब झाल्यास जिवाशी गाठ आहे. पाइपांमध्ये वीतभर तरी अंतर असावे, वळणे गोलाकार असावीत आणि पुढे कधी केबल बदलावी लागली तर ओढून घेण्यासाठी एक नायलॉनची दोरी आत सोडून ठेवावी. जमिनीखालच्या पाइपात पावसाळ्यात पाणी साचणारच असे धरून चालावे. म्हणून केबल बाहेरच्या वापराची, काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची घ्यावी. पाइपाची दोन्ही तोंडे बुजवून घ्यावीत, नाहीतर घुशी त्यात घर करतात. केबल एकाऐवजी दोन ओढाव्यात. दुसरीचा खर्च आज फार वाटत नाही आणि पहिली निकामी झाली की तीच उपयोगी पडते.

केबल घेताना तांब्याची आहे ना, हे स्वतः पाहावे. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास तांब्याची म्हणून मिळते. दुकानातच टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरट चकाकी दिसली तर ते रीळ परत करावे. मुलाम्याच्या केबलचा विद्युतरोध जास्त असतो आणि तिच्यातून यंत्राला वीज पुरवणे योग्य नाही.

वीज याच केबलमधून द्यायची आहे. या पद्धतीला पॉवर ओव्हर इथरनेट, बोलीत पीओई, म्हणतात. तिचे पहिले मानक 802.3एएफ हे 2003 सालचे आहे. त्यात घरातला स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारी पेटी, एका जोडणीवर 15.4 वॉटपर्यंत वीज देतो आणि केबलमधील घट धरून दुसऱ्या टोकाला 12.95 वॉट मिळण्याची हमी असते. केबलची मर्यादा 100 मीटर असल्यामुळे आपले अंतर सहज बसते. फाटकाच्या खांबात 12 व्होल्टचा ॲडाप्टर कोंबणे किंवा घरातून 12 व्होल्ट पाठवणे, हे उपाय स्वस्त वाटतात, पण हिशेब करून पाहावा. साध्या नेटवर्क केबलमधील तारांच्या एका जोडीचा जाण्यायेण्याचा मिळून रोध 40 मीटरला सुमारे 7 ओहम भरतो. 6 वॉटच्या यंत्राला 12 व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर लागतो, म्हणजे वाटेतच साडेतीन व्होल्ट गळतात आणि यंत्रापाशी जेमतेम साडेआठ उरतात. तेवढीच वीज 48 व्होल्टवर पाठवली तर घट 1 व्होल्टही होत नाही. दिवसभर नीट चालणारे पॅनेल, म्हणजे फाटकावरचे बटण-कॅमेऱ्याचे यंत्र, अंधार पडताच पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले, तर दोष बहुधा येथेच असतो : कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते आणि व्होल्टेज बसते. स्विच घेताना तो मानकाप्रमाणे चालणारा आहे ना, हे विचारावे. ‘पॅसिव्ह’ म्हणून मिळणारे स्विच समोर काय जोडले आहे हे न तपासताच वीज सोडतात, ते टाळावेत.

कुलपाचे काम वेगळ्या काळजीने करावे. फाटकाचे विजेचे कुलूप उघडण्याच्या क्षणी एक ते तीन ॲम्पिअर खेचू शकते. एवढा भार पॅनेलवर टाकू नये. कुलपासाठी स्वतंत्र 12 व्होल्टचा पुरवठा, 1.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि कुलपाच्या दोन टोकांवर उलटा जोडलेला एक डायोड एवढे हवे. 1एन4007 हा डायोड काही रुपयांना मिळतो. त्याची रेघ असलेली बाजू धन टोकाकडे ठेवायची. कुलपाची कॉइल बंद होताना उलटा झटका देते आणि त्याने रिलेचे, म्हणजे कुलपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या विद्युत बटणाचे, संपर्कबिंदू जळतात. तो झटका हा डायोड गिळतो.

आता ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती गोष्ट. बहुतेक पॅनेलांमध्ये कुलूप उघडणारा रिले पॅनेलच्या आतच असतो. म्हणजे रस्त्यावर उभा असलेला माणूस चार स्क्रू काढून मागच्या दोन वायरी एकमेकींना लावू शकतो आणि फाटक उघडते. कॅमेरा, पासवर्ड, ॲप या सर्वांना वळसा घालून हा रस्ता जातो! उपाय सोपा आहे : रिले घरात बसवावा. घरातल्या मॉनिटरमध्ये रिले असेल तर तोच वापरावा, नाहीतर त्याच कंपनीचे स्वतंत्र रिले मॉड्यूल घ्यावे. तसेच फाटकावर उघडी पडणारी नेटवर्कची केबल ही घरच्या नेटवर्कची एक खिडकीच असते. स्विचमध्ये व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क करण्याची, सोय असल्यास पॅनेल, मॉनिटर आणि रिले यांचा विभाग संगणकांपासून वेगळा करून घ्यावा.

यंत्र निवडताना ते सिप आणि ऑनव्हिफ या दोन्ही मानकांवर चालते का, हे पाहावे. सिप ही नेटवर्कवरून हाक जोडण्याची पद्धत; तिचे आजचे रूप 2002 सालचे असून ऑफिसांतले इंटरनेट फोन तिच्यावरच चालतात. ऑनव्हिफ ही कॅमेऱ्यांची एकमेकांशी बोलण्याची पद्धत 2008 मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केली. दोन्ही असतील तर पुढे एका कंपनीचे पॅनेल आणि दुसरीचा मॉनिटर, किंवा आधीच बसवलेला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, एकत्र नांदू शकतात. पॅनेल आणि मॉनिटर यांना नेटवर्कचे कायमचे पत्ते द्यावेत आणि ते एका कागदावर लिहून स्विचच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावेत. पत्ते कायमचे असले आणि मॉनिटरला पॅनेल थेट हाक मारत असले, तर इंटरनेट, इतकेच काय राउटरही, बंद असताना केवळ स्विच चालू आहे तोवर बेल वाजते. माझ्या मते याहून कमी काही स्वीकारू नये.

म्हणूनच स्विच, मॉनिटर आणि कुलपाचा पुरवठा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरना यूपीएस मोड असतो. तो चालू ठेवला नाही तर वीज जाताना होणाऱ्या क्षणभराच्या खंडामुळे सगळी यंत्रे नव्याने सुरू होतात आणि तेवढा वेळ फाटक मुके राहते. वळवाच्या पावसातील विजांसाठी केबल घरात शिरते तेथे इथरनेटचा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारे साधन, बसवून तो अर्थिंगला जोडावा. अर्थिंगला न जोडलेला प्रोटेक्टर शोभेचा असतो.

पॅनेलचा कॅमेरा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येईल असे बसवावे. फाटकाचे तोंड पश्चिमेला असेल तर संध्याकाळी उतरते ऊन भिंगावर येते, आणि पूर्वेला असेल तर सकाळचे ऊन पाहुण्याच्या पाठीमागून येऊन त्याचा चेहरा काळा दिसतो. म्हणून वरती छोटे छप्पर आणि यंत्रात वाइड डायनॅमिक रेंज, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळण्याची सोय, दोन्ही असावेत. भिंतीशी सिलिकॉन भरताना वर आणि दोन्ही बाजूंना भरावे, खालची बाजू मोकळी सोडावी. चारही बाजू बंद केल्या की आत गेलेल्या पाण्याला वाट राहत नाही.

प्रश्न : आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. वाय-फायची कॅमेऱ्याची बेल बसवली, पण फोनवर सूचना येईपर्यंत माणूस जिना उतरून गेलेला असतो. इंटरनेट बंद पडले की बेल वाजतच नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले यंत्र बॅटरीवर चालणारे असावे. अशी यंत्रे बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेली असतात. बटण दाबताच जागी होऊन वाय-फायला जोडली जातात, मग कंपनीच्या सर्व्हरला कळवतात आणि सर्व्हर आपल्या फोनला. दारापासून दिवाणखान्यापर्यंतचा निरोप असा दूरच्या गावाहून फिरून येतो. फोनमध्ये त्या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध उठवले तर थोडा फरक पडेल. सेफ्टी डोअर पत्र्याचे असेल तर यंत्र त्याच्या आड नाही ना, हेही पाहावे.

तथापि खरा इलाज असा की घरात वाजणारी घंटा हवी आणि ती सर्व्हरवर अवलंबून नको. काही यंत्रांसोबत रेडिओवर चालणारी घंटा येते, काहींना जुन्या घंटेची वायर जोडता येते. बदलून घ्यायचे झाल्यास दुकानदाराला राउटरमधली इंटरनेटची वायर काढायला सांगावी आणि मग बटण दाबावे; पत्रकावर काय छापले आहे हे वाचण्यापेक्षा ही परीक्षा खरी. तोवर साधी विजेची बेल काढून टाकू नये.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. पुण्यात आई-बाबा दोघेच असतात आणि बाबांना गुडघ्यांमुळे दारापर्यंत जाणे जड जाते. बेल माझ्याही फोनवर वाजावी आणि गरज पडल्यास मला दार उघडता यावे, अशी इच्छा आहे. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडले, तरी बाहेरून जोडणी होत नाही. – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ती जोडणी होत नाही हे एका परीने बरेच झाले. भारतातील बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. राउटरच्या माहितीपानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर आपले घर अशा वाटपात आहे आणि पोर्ट उघडून उपयोग होणार नाही. ते उघडले असतेच, तर पॅनेल साऱ्या जगासमोर उभे राहिले असते. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. त्यामुळे कंपनीची क्लाउड सेवा वापरावी, किंवा वाटपातूनही मार्ग काढणारी व्हीपीएन सेवा (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी, बंदिस्त वाट) घरातल्या एखाद्या नेहमी चालू असणाऱ्या यंत्रावर बसवून घ्यावी. क्लाउड वापरताना स्वतःसाठी वेगळे खाते करावे. बाबांचा पासवर्ड वापरू नये.

दार उघडण्याविषयी मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. भिंगात दिसतो तेवढाच माणूस आपल्याला दिसतो. बाजूला कोण उभे आहे हे कळत नाही, आणि आई-बाबांना न विचारता दार उघडले तर घरात कोण आले हेच त्यांना ठाऊक नसते. बाबांच्या खुर्चीपाशी मॉनिटर ठेवून उघडण्याचे बटण त्यांच्या हाताशी द्यावे आणि आपल्या फोनवर बघणे-बोलणे ठेवावे. तातडीच्या प्रसंगासाठी आपल्यालाही अधिकार असू द्यावा, पण त्याला स्वतंत्र पिन असावा. वीज गेल्यावरही आतून हाताने उघडता येईल असेच कुलूप निवडावे. या वयात हा मुद्दा चोरापेक्षा मोठा आहे.

आणखी एक. पुण्यात सकाळी 11 वाजता कुरिअरवाला येतो तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचा दीड आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेला असतो. ॲपमध्ये वेळापत्रक लावले नाही, तर पंधरवड्याच्या आत आपण सूचनाच बंद करून टाकाल.

प्रश्न : समोरच्या शेजाऱ्यांचे म्हणणे आहे की आमच्या बेलच्या कॅमेऱ्यात त्यांचे दार दिसते. कायदा काय म्हणतो? – एक वाचक, नाशिक

उत्तर : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यातून व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळला आहे. पण म्हणून शेजाऱ्यांची तक्रार निराधार ठरत नाही; खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे, आणि समोरचा पॅसेज सोसायटीचा आहे. बहुतेक यंत्रांमध्ये चित्राचा ठरावीक भाग झाकण्याची सोय असते. ती वापरून त्यांच्या दारावर काळी चौकट टाकावी, सतत चालणारे ध्वनिमुद्रण बंद करावे आणि त्यांना बोलावून मॉनिटरवरचे चित्र प्रत्यक्ष दाखवावे.

प्रश्न : जुन्या डोअर फोनची चार तारांची वायर भिंतीत आहे. नेटवर्कच्या यंत्रासाठी तीच चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थेट जोडणीसाठी चालणार नाही. इथरनेटला पिळलेल्या तारांच्या किमान दोन जोड्या लागतात आणि जुन्या वायरीत तारा सहसा सरळ असतात. जवळच्या अंतरावर ती चालल्यासारखी वाटते आणि मग चित्र अडखळू लागते. आधी तीच वायर दोरी म्हणून वापरून नवी केबल पाइपातून ओढून पाहावी. केबल अडकली, तर भिंत फोडण्याऐवजी केवळ दोन तारांवर चालणारी नेटवर्कची इंटरकॉम यंत्रे मिळतात, ती घ्यावीत. मात्र त्यांचे पॅनेल, मॉनिटर आणि तारा वाटून देणारी मधली पेटी हे सारे एकाच कंपनीचे लागते. म्हणून सुटे भाग कोल्हापुरात मिळतात का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारून घ्यावे.