मॅनेजरला नेमकं किती सांगायचं?

प्रश्न : माझं वय 31. चार वर्षांपूर्वी बायपोलर डिसऑर्डरचं निदान झालं. औषधं नियमित चालू आहेत आणि गेली तीन वर्षं तब्येत स्थिर आहे. दीड वर्षापूर्वी या खासगी कंपनीत रुजू होताना फॉर्ममध्ये 'मानसिक आजार आहे का?' या रकान्यात भीतीपोटी 'नाही' लिहिलं. आता रात्रपाळी लागली आहे. डॉक्टर म्हणतात, झोप बिघडली तर आजार उलटेल. मॅनेजर म्हणतात, कारण लेखी द्या. खरं सांगितलं तर नोकरी जाईल का?

उत्तर : ताई, तब्येत बिघडेपर्यंत थांबला नाहीत, हे फार चांगलं केलंत. अशी माणसं माझ्याकडे बहुधा राजीनामा देऊन झाल्यावर येतात आणि तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

आधी मॅनेजरचं. त्यांना आजाराचं नाव सांगू नका. पाळी बदलायची तर तुम्हाला जागरण चालणार नाही एवढं त्यांना कळलं की पुरे. डॉक्टरांकडून पत्र घ्या आणि त्यात इतकंच असू द्या : 'यांच्यावर उपचार चालू आहेत. वैद्यकीय कारणास्तव पुढील सहा महिने यांना रात्रपाळी देऊ नये. दिवसपाळीत नेमून दिलेलं काम करण्यास त्या पूर्णपणे सक्षम आहेत.' शेवटचं वाक्य गाळू देऊ नका, तुमची नोकरी त्याच वाक्यावर टिकणार आहे. मनोविकारतज्ज्ञांच्या लेटरहेडवरूनच सगळं कळेल अशी धास्ती वाटत असेल आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांना या उपचारांची नीट माहिती असेल, तर पत्र त्यांच्याकडून घ्या.

हे पत्र एचआरला ईमेलने पाठवा. व्हॉट्सॲपवर काहीही नको. माझ्या एका अशिलाने विश्वासाने साहेबांना प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवला होता. संध्याकाळपर्यंत तो टीमच्या ग्रुपवर फिरला. 'काळजीपोटी टाकला' असं साहेबांचं म्हणणं. ते खरंही असेल, पण त्या मुलाला दुसऱ्या दिवशी ऑफिसची पायरी चढवेना.

इथे कायद्याची एक मर्यादा समजून घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 23 ने गोपनीयतेचं बंधन घातलं आहे ते उपचार करणाऱ्यांवर. कंपनीने परस्पर फोन केला म्हणून तुमचे डॉक्टर तिला काही सांगू शकत नाहीत. पण तुम्ही स्वतः एचआरच्या हाती दिलेल्या कागदाला हे कलम तसं कवच देत नाही. म्हणून पहिल्या कागदातच कमीत कमी माहिती जाऊ द्या.

एवढ्यावर पाळी बदलली तर प्रश्न मिटला. नाही बदलली, तर मात्र थोडं अधिक सांगावं लागेल, कारण जे कंपनीला माहीतच नाही त्यावरून तिला कायद्याने जाब विचारता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. कलम 3 भेदभावाला मनाई करतं. कलम 21 प्रमाणे खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात संपर्क अधिकारी नेमणं आलंच. ते धोरण एचआरकडे लेखी मागा. बऱ्याच ठिकाणी ते मागितल्यावरच बोलण्याचा सूर बदलतो. कामात वाजवी बदल मागायला 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नैराश्य आणि ओसीडी (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) असलेल्या सीआरपीएफ अधिकाऱ्याच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की, कारवाईमागच्या अनेक कारणांपैकी दिव्यांगत्व हे एक कारण असलं तरी तो भेदभाव ठरू शकतो.

तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता येणार नाही, ही कलम 20 ची थेट हमी सरकारी आस्थापनांपुरती आहे. खासगी नोकरीत तुमची वाट राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रारीची, आणि ती वेळ खाते. शिवाय, आजार औषधांनी आटोक्यात आहे म्हणजे तो कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असा युक्तिवाद समोरून होईल. उपचार थांबले किंवा झोप मोडली तर काय होऊ शकतं, हे डॉक्टरांच्या सविस्तर पत्रात यायला हवं. ते पत्र तयार ठेवा, पण मागितल्याशिवाय देऊ नका.

आता त्या 'नाही'चं. तुम्हाला रात्री झोप येत नसेल ती याच्याचमुळे, असं पत्रावरून वाटलं. माहिती न देणं आणि विचारल्यावर खोटं लिहिणं यात कायदा फरक करतो, आणि तुमचं उत्तर दुसऱ्या बाजूला पडतं. कंपनी त्याचा वापर करू शकते, हा धोका खरा आहे. पण फॉर्मची प्रत मिळवून प्रश्नाचे शब्द पाहा. 'कामात अडथळा आणणारा आजार' असं विचारलं असेल तर तुमचं उत्तर टिकतं. सरसकट विचारलं असेल, तर त्या माहितीचा तुमच्या कामाशी संबंध काय, हा प्रश्न आपण उलट विचारू शकतो, आणि दीड वर्षाची चांगली अप्रेझल्स तुमच्या बाजूने बोलतील. तुम्ही वैमानिक असतात तर मी हे म्हटलं नसतं. आपणहून कबुलीजबाब लिहून देऊ नका. मात्र कोणी थेट विचारलं तर दुसऱ्यांदा 'नाही' म्हणू नका. 'वैद्यकीय माहिती मी कंपनीच्या डॉक्टरांनाच देईन' एवढं सांगा.

एक नक्की पाळा. एचआरने खोलीत बोलावून राजीनाम्याचा कागद पुढे केला, तर त्या दिवशी सही करू नका. 'वाचून कळवते' म्हणा, बाहेर या आणि कोण काय बोललं ते त्याच दिवशी स्वतःच्या ईमेलवर लिहून ठेवा.