आजी चर्चला जात नव्हती, मग ती नरकात गेली का? सात वर्षांच्या मुलाला काय सांगू?

तुमच्या सासूबाई मागच्या महिन्यात गेल्या, त्या चर्चला येत नसत, आणि आता मुलगा 'आजी नरकात गेली का' असं विचारतोय. माझं म्हणणं सरळ आहे. जे चर्च स्वतः ठामपणे सांगत नाही, ते मुलाला ठामपणे सांगू नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगू देऊ नका.

मी मूळची वसईची, लग्न होऊन इंदूरला आले. ऑक्टोबर २००८ मध्ये माझा दुसरा मुलगा जन्मल्यावर दोन तासांत गेला. मी भुलेत होते, हे रक्ताच्या बाटलीसाठी धावत होते. अडचणीच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा, म्हणजे डोक्यावर पाणी ओतून ख्रिस्ती करण्याचा विधी, देऊ शकतं हे आम्हा दोघांना माहीत होतं, पण त्या दोन तासांत ते घडलं नाही. मुलगी सहा वर्षांची होती. यांच्या आत्या तेव्हा मदतीला येऊन राहिल्या होत्या. मुलांना धर्मशिक्षण देण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी मुलीला मांडीवर घेऊन सांगितलं, "बाळाचा बाप्तिस्मा झाला नाही ना, म्हणून ते लिंबोत गेलं. तिथे दुखत-खुपत नाही, पण देव दिसत नाही."

मला याचा पत्ताच नव्हता. कळलं ते २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी. कबरस्तानात झेंडूची फुलं, मेणबत्त्या, माणसांची दाटी, आणि फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत पुढे येत होते. मुलीने गळ्यातली शाळेची पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि बाळाच्या मातीवर तीनदा पाणी ओतलं. दर वेळी थांबून. पित्याच्या. पुत्राच्या. पवित्र आत्म्याच्या नावाने. माती अजून भुसभुशीत होती, पाणी लगेच मुरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता दिसेल ना गं त्याला देव?"

घरून निघताना तिने ती बाटली भरून घेतली, तेव्हा मला वाटलं होतं, तहान लागेल म्हणून घेतली असेल.

फादर तिला रागावले नाहीत. तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि विचारलं, "लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या, असं कोण म्हणालं होतं?" ती म्हणाली, "येशू." "मग तुझ्या भावाला तो अडवेल का?" तिने मान हलवली. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी दिवा बंद करून झोपली.

लिंबो हा चर्चचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हता. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाचा १२६१ वा परिच्छेद म्हणतो, की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानेही लिहिलं, की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत. तो परिच्छेद मी आत्यांना वाचून दाखवला. "आमच्या वेळी असं नव्हतं," एवढंच त्या बोलल्या. भीती नसेल तर मुलं धर्म धरत नाहीत, हे त्यांचं मत शेवटपर्यंत टिकलं. ते चूक आहे. भीतीने माझ्या मुलीची झोप गेली होती, श्रद्धा वाढली नव्हती.

दया म्हणजे काय हे सांगायला आम्हा इंदूरकरांना लांब जावं लागत नाही. सिस्टर राणी मारिया उदयनगर भागात गरीब आदिवासींमध्ये काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या इंदूरला यायला बसमध्ये बसल्या, आणि वाटेत समंदर सिंगने त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदूरमध्येच राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे सांगते तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, "मग तो पण स्वर्गात जाणार?" मी म्हणते, आपण आशा धरायची.

तुमच्या मुलालाही हेच सांगा. चर्चने कितीतरी जणांना संत म्हणून जाहीर केलंय, पण अमुक माणूस नरकात आहे असं एकदाही जाहीर केलेलं नाही. आजीसाठी त्याला रोज एक प्रार्थना करू द्या. मेलेल्या माणसासाठी काहीतरी करता येतं, हा आपल्या श्रद्धेतला मुलांसाठी सगळ्यात मोठा आधार आहे. 'आजी झोपली' म्हणू नका, तो झोपायला घाबरेल. 'देवाला आवडली म्हणून नेली' असंही नको. आणि माणसं मेल्यावर देवदूत होत नाहीत, आपली शिकवण तशी नाही. मरण हा शब्द त्याला नवा नाही. रोझरीची जपमाळ पूर्ण म्हटली की मरियेच्या प्रार्थनेतले 'आमच्या मरणाच्या वेळी' हे शब्द त्रेपन्न वेळा तोंडून जातात.

नरक नाहीच, असं मात्र सांगू नका. ते खोटं होईल. आणि तो आठवडेच्या आठवडे नीट जेवला-झोपला नाही, तर फादरांबरोबर डॉक्टरांनाही दाखवा.

आत्यांना जे शिकवलं गेलं तेच त्यांनी पुढे शिकवलं, हे मलाही कळतं. त्या २०१९ मध्ये गेल्या. दर नोव्हेंबरला त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करायला फादरांना माझी मुलगी सांगते. मी अजून एकदाही सांगितलेलं नाही.