वाचकांचे प्रश्न: काजूचं युनिट टाकायचंय, मशिनला सबसिडी मिळेल का?

प्रश्न: आमची कुडाळ तालुक्यात काजूची बाग आहे. दरवर्षी व्यापारी दारात येऊन बी उचलतो, भाव पण तोच ठरवतो. आता बचत गटातल्या आम्ही दहाजणी मिळून काजू फोडायचं युनिट टाकायचं म्हणतोय. मशिनवाल्याने बारा लाखांचं कोटेशन दिलंय आणि म्हणतो सबसिडी मिळतेच. टाकावं का?

उत्तर: ताई, टाका, पण मशिनवाल्याच्या नादाने नको. तो मशिन विकून मोकळा होणार, बी भरायला पैसा कुठून आणायचा ते तो सांगणार नाही, आणि काजूच्या धंद्यात खरी गोम तिथेच आहे. बी येते मार्च ते मे, फोडायची असते वर्षभर, म्हणजे दोन-तीन महिन्यात वर्षाचा माल घेऊन गोदामात ठेवायचा आणि पैसे अडकवून बसायचं. साधा हिशोब बघा. समजा बी 120 रुपये किलो आणि तुम्ही 10 टन घेतली तर 12 लाख झाले, म्हणजे जेवढ्याचं मशिन तेवढ्याचीच बी. शंभर किलो बी फोडली की साधारण पंचवीस किलो गर हातात येतो, म्हणजे एक किलो गराला 480 रुपयांची नुसती बीच गेली, वर मजुरी, लाकूड, लाईट, पॅकिंग आणि बँकेचं व्याज. आणि सगळा गर काही अख्खा निघत नाही, पाकळी निघते, तुकडा निघतो, त्याचा भाव वेगळा.

आता सबसिडीचं. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना (पीएमएफएमई) 2020 मध्ये आली, त्यात प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख मिळतात. तुमच्या 12 लाखांवर 4 लाख 20 हजार होतात, स्वतःचे निदान 10 टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. पण हे पैसे हातात येत नाहीत हां, बँकेत वेगळे पडून राहतात आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले की कर्जात वळते होतात. आणि ही सबसिडी मशिनरीला आहे, बी घ्यायला नाही. बीसाठी त्याच योजनेत दुसरी सोय आहे जी फार जणींना माहीतच नसते, अन्नप्रक्रियेचं काम करणाऱ्या बचत गटाला प्रत्येक सदस्यामागे 40 हजार बीज भांडवल, म्हणजे धंदा सुरू करायचा पैसा, ते खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी चालतं, दहाजणींचे 4 लाख झाले. उमेदच्या (बचत गटांचं काम बघणारं राज्याचं अभियान) प्रभाग समन्वयकाला गाठा. योजनेची मुदत 2025-26 पर्यंतची होती, तेव्हा कोटेशनवर सही करायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन अर्ज घेतायत का ते विचारा. आणि प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, त्यासाठी जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेले असतात, त्यांचं मानधन योजनेतूनच जातं.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष तुमच्या दहाजणींच्या बागेतलीच बी घ्या, बाहेरची नको, आणि जवळच्या एखाद्या कारखान्यात मजुरीवर फोडून घ्या. बी घेताना वजनावर भुलू नका. ओली बी जड भरते, उन्हात नीट वाळवा आणि मगच साठवा नाहीतर आत बुरशी धरते. एक किलो बी मूठ-मूठभर वेगवेगळ्या पोत्यातून काढून फोडून बघायची, चांगला गर किती ग्रॅम भरला त्यावर लॉटचा भाव ठरवायचा, व्यापारी हेच करतो फक्त तुम्हाला दाखवत नाही. वेंगुर्ला 4 आणि 7 जातीला गराचा उतारा 30 टक्क्यांच्या आसपास सांगतात, तुमची बाग त्या कलमांची असेल तर गावठी बीत मिसळूच नका, वेगळी ठेवा. फोडणाऱ्या बायकांना ग्लोव्हज पाहिजेतच, टरफलातल्या तेलाने हाताची सालं निघतात. ते टरफल फेकू नका, तेल काढणारे विकत घेतात, ते रंगात आणि गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जातं.

ग्रेडिंग मात्र शिकून घ्या. 320 नंबर म्हणजे एका पौंडात साधारण 300 ते 320 गर, 180 नंबर म्हणजे मोठा गर, भावात चांगलाच फरक. सगळं एकाच पिशवीत भरून "घरगुती काजू" म्हणून विकाल तर मोठ्या गराचे पैसे बुडाले.

प्रश्न: युनिट वगैरे जमणार नाही, पण सीझनला पडत्या भावात बी विकायची नाही. काय करू? (चंदगड)

उत्तर: पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बघा, त्यात काजू बी बसते. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्यावर सहा महिन्यांसाठी 6 टक्क्याने कर्ज मिळतं. शेतकऱ्यालाच मिळतं, व्यापाऱ्याला नाही, म्हणून सातबारा लागतो. तुमची बाजार समिती योजना राबवते का ते आधी विचारा, सगळ्याच राबवत नाहीत.

प्रश्न: काजूचे बोंडू (बी ज्याला लटकते ते फळ) सगळे कुजून जातात. गोव्यात फेणी होते, आपण का नाही करायची? (दोडामार्ग)

उत्तर: मनातलं बोललात! सीमेपलीकडे त्याच बोंडूची फेणी होते, तिला 2009 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आणि आपल्याकडे झाडाखाली माशा घोंगावतात. पण दारू म्हटली की उत्पादन शुल्क खात्याचं लायसन्स लागतं, घरी भट्टी लावलीत तर केस होईल. तोवर सरबत, सिरप करता येतं. बोंडू त्याच दिवशीचा पाहिजे, जमिनीवर फुटलेला नको, आणि रस घशाला खवखवतो तो साबुदाण्याची पातळ पेज घालून, निवळू देऊन गाळायचा. अन्न खात्याचं रजिस्ट्रेशन मात्र बाटली विकायच्या आधी काढा.