गावाकडचं घर विकताय? आधी एवढं करा

दादा, वाईजवळचं घर विकायचं म्हणताय, तर जाहिरातीआधी कागद गोळा करा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा (घर कुणाच्या नावावर, घरपट्टी किती ते सांगणारा), घरपट्टीची पावती, असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. आणि वारसनोंद, म्हणजे सगळ्या वारसांची नावं कागदावर चढलेली हवीत! भावकीतली एक सही राहिली की ठरलेला सौदा फिसकटतो. नवखे इथंच अडकतात.

गिऱ्हाईक बहुतेक गावचंच निघतं, मुंबई-पुण्याला नोकरी करणारं. म्हणून यात्रेच्या आधी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाका, दारावर फोन नंबरची पाटी लावा. फोटोत दारापर्यंत येणारा गाडीरस्ता आणि नळ दिसू द्या. परड्यातलं गवत काढा, फुटकी कौलं बदला. महागडं रंगकाम नको.

किंमत शहराच्या भावावर ठरवू नका. शेजारच्या गावात अलीकडे घर केवढ्याला गेलं ते विचारा. बिनधास्त सुरुवात करा, जमेल तुम्हाला.