ओतकामात नव्याने येणाऱ्यास

शिरोलीच्या फाउंड्रीत तुम्ही नव्यानेच रुजू झाला आहात, म्हणून आधी जिवाची गोष्ट सांगतो. सुमारे १४०० अंश सेल्सिअसचा रस, म्हणजे वितळलेला धातू, घेण्यापूर्वी लाडल (रस ओतायचे भांडे) तापवून पूर्ण कोरडी करा, कारण अस्तरात मुरलेल्या पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान १६०० पटींहून अधिक वाढते आणि रस थेट अंगावर उडतो.

पुढचे सगळे निवण्याच्या वेगावर अवलंबून असते. वाळू उष्णता सावकाश ओढते, चिल, म्हणजे साच्यात बसवलेला लोखंडी तुकडा, झपाट्याने. म्हणून जाड भागाला चिल लावली की तो पातळ भागाच्या बरोबरीने गोठू शकतो. मात्र राखाडी बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पातळ काठ फार लवकर निवला, तर त्यातील कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा न पडता लोहाशी संयुगात अडकतो आणि काठ इतका कठीण होतो की ड्रिल त्यावर नुसते घासत राहते. असा काठ फोडून पाहा: आतून करड्याऐवजी पांढरा, चकचकीत दिसेल.

साचा फोडण्याची घाई तर मुळीच करू नका. माझ्या हातून अशीच एक पुली गेली. पातळ आऱ्या आधी निवून ताठ झाल्या होत्या, जाड कड मात्र अजून लाल होती, आणि ती आकसू लागताच आऱ्यांनी अडवल्यामुळे तिलाच चीर गेली.