पोरगं शाळेतून आणतं, आडवी पडते आजी

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. आम्ही अशोक चौकाच्या मागं राहतो, घरात सात माणसं, मिस्टर पॉवरलूमवर आणि मी अन् जाऊबाई घरी विड्या वळतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पोरांना होम मैदानावर पाळण्यात बसवून आणलं आणि त्याच आठवड्यात धाकटा, नऊ वर्षांचा, तापानं फणफणला. तो तीन दिवसांत उड्या मारायला लागला पण मागोमाग मिस्टर, जाऊबाई, मी आणि शेवटी सासूबाई, त्यांना शुगर आहे, त्यांना ॲडमिटच करावं लागलं, फ्लू निघाला. आता बऱ्या आहेत. पण त्या म्हणतात, २००९ च्या स्वाईन फ्लूत मी ६३ वर्षांची होते, मला काय सुद्धा झालं नाही, अन् तुझा नवरा २६ चा गडी, तोच पंधरा दिवस आडवा, मग म्हाताऱ्यांना धोका जास्त हे डॉक्टर लोकांचं खोटंच हाय. खरं काय? आणि परत तसली मोठी साथ आली तर घरात जपायचं कुणाला?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, सासूबाईंचं खोटं नाही, २००९ पुरतं तर अगदी बरोबर आहे. फक्त त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टर पण बोलताना तेच करतो. रोग पसरवतं कोण हे एक आणि रोगानं दगावतं कोण हे दुसरं.

पसरवण्यात शाळेतली पोरं पुढं. एक तर त्यांच्या अंगात आधीची प्रतिकारशक्ती कमी, व्हायरस नवा असला की वर्गच्या वर्ग पडतो, १९५७ च्या एशियन फ्लूत हेच झालं, शाळकरी वयालाच सगळ्यात जास्त लागण. दुसरं, मोठा माणूस साधारण त्रास सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून पाच-सात दिवस व्हायरस बाहेर टाकतो, लहान मूल दहा दिवस किंवा त्याहून जास्त टाकू शकतं, म्हणजे तुमचा धाकटा उड्या मारत होता तेव्हासुद्धा वाटतच होता. आणि तिसरं म्हणजे भेटीगाठी. युरोपातल्या ८ देशांत सात हजारांवर लोकांना दिवसभरात कुणाकुणाला भेटलात याची डायरी लिहायला लावली होती, २००८ ला ते छापून आलं, त्यात दिसलं की माणूस सगळ्यात जास्त आपल्याच वयाच्या माणसांत मिसळतो, शाळकरी अन् कॉलेजच्या वयाची पोरं तर सगळ्यात जास्त, आणि वयाची ही भिंत ओलांडली जाते ती मुख्यतः घरात, आईबाप आणि पोरांत. आपल्याकडं डायरी कशाला लागते म्हणा, सकाळी शाळेची रिक्षा बघा, दप्तरं बाहेर लटकलेली आणि आत किती पोरं आहेत ते रिक्षावाल्यालाच माहीत. तुमच्या घरात आजारपण ज्या क्रमानं फिरलं, धाकटा मग तुम्ही मोठी माणसं अन् शेवटी आजी, हा क्रम फ्लूत नेहमीचाच.

जपाननं हे उलट बाजूनं करून बघितलं होतं. १९६२ पासून तिथं शाळेतल्या पोरांना फ्लूची लस द्यायचे, म्हाताऱ्यांना नाही, पोरांना. १९८७ ला सक्ती गेली, १९९४ ला कार्यक्रमच बंद, आणि नंतर हिशोब मांडणाऱ्या संशोधकांनी म्हटलं की त्या लसीनं वर्षाला ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते, बहुतेक म्हाताऱ्यांचे. आकड्यावर वाद आहेत, सगळ्यांना तो पटत नाही, पण पोराला टोचलं की आजी वाचते हा विचार मला स्वतःला पटतो.

आता सासूबाईंचा २००९ चा मुद्दा. साध्या दरवर्षीच्या फ्लूत जीव जातो तो मुख्यतः म्हाताऱ्यांचा, पण त्या साथीत जगभरातले साधारण ८० टक्के मृत्यू ६५ च्या आतल्यांचे होते असा अंदाज आहे. भारतातला पहिला मृत्यू पुण्यात, ऑगस्ट २००९ मध्ये, तोही १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. कारण वयात नाही, जन्मसालात आहे. १९१८ च्या साथीतल्या एच१एन१ ची (२००९ चा स्वाईन फ्लूही याच जातीचा) पोरंबाळं १९५७ पर्यंत माणसांत फिरत होती, मग एशियन फ्लूनं त्यांना हुसकावलं, आणि १९७७ ला एच१एन१ परत आला तेव्हा त्याचं रूप १९१८ च्या मूळ रूपापासून बरंच बदललेलं होतं. डुकरांत मात्र त्या जुन्याचा चेहरा बराचसा तसाच राहिला आणि २००९ ला तिथूनच माणसांत आला. सासूबाई १९४६ च्या म्हणजे लहानपणी त्यांची गाठ त्या जुन्या घराण्याशी पडलेली असणार, अंगानं ओळखलं, हा तर आपला जुना गडी! ६० च्या पुढच्या साधारण एक तृतीयांश लोकांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे व्हायरसशी लढणारी प्रथिनं, आधीपासून होत्या. तुमच्या मिस्टरांचा जन्म ८३ चा, त्यांनी तो चेहरा बघितलेलाच नाही. १९७७ ला पण असंच, तेव्हा मुख्यतः पंचविशीच्या आतलेच पडले. आणि १९१८ ला, भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली असं मानतात, तेव्हा २० ते ४० ची धडधाकट माणसं पटापट गेली, त्याचं कारण अजून पुरतं सुटलेलं नाही, जन्मसालाचाच काहीतरी संबंध असावा असं बरेच जण म्हणतात.

पण एक पुस्ती जोडतो. २००९ ला म्हाताऱ्यांना लागण कमी झाली हे खरं, पण ज्यांना झाली त्यांच्यात दगावण्याचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्तच होतं. आणि गड्ड्याच्या वेळी घरात आला तो तोच जुना गडी होता असं काही सांगता येत नाही, असला तरी आता वय वाढलं, शुगर आहे.

त्यामुळं पुढच्या साथीत नेमकी कुठल्या वयाची माणसं पडतील हे आधी सांगता येत नाही, व्हायरस कुठल्या घराण्यातला आहे ते कळल्यावरच कळतं. तुम्ही धाकट्यापासूनच सुरुवात करा. ताप आला की शाळा बंद, तापाची गोळी न देता २४ तास ताप नाही असं झालं तरच पाठवा, परीक्षा असली तरी. त्याचं अंथरूण आजीजवळून हलवा, एका खोलीत सगळे असाल तर निदान दार-खिडकी उघडी आणि आजीच्या बाजूला त्याचं तोंड नको. पोराला ॲस्पिरिन देऊ नका, पॅरासिटामॉल चालतं. आजींना म्हाताऱ्या माणसांसारखं ताप न येता नुसतं गळून जाणं, जेवण सोडणं, बरळणं असं काही दिसलं तर वाट बघू नका, टॅमीफ्लू हे फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही याच रांगेत धरा. लस दरवर्षी, आपल्याकडं पावसाळ्यात फ्लू वाढतो म्हणून मे-जूनमध्ये घ्या, आजींना आणि धाकट्याला दोघांनाही, कोणती घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारून.

आणि सासूबाईंना जरूर सांगा की २००९ बद्दल तुमचंच बरोबर निघालं असं डॉक्टरनं छापून दिलंय. त्या खुशीत असतानाच इंजेक्शनचं विचारा, नंतर विचाराल तर नाही म्हणतील.