डोळ्याला तर रेघाच दिसतात, मग मेंदूला अक्षर कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की पहिलीतलं लेकरू ३ च्या जागी ६ काढतं, घ आणि ध मध्ये अडकतं, तर मेंदू अक्षर ओळखतो तरी कसं आणि पोराच्या डोक्यात काही दोष आहे का. मी परभणी जिल्ह्यात बरीच वर्षं पहिली-दुसरी शिकवली, दरवर्षी कुणाचे ना कुणाचे आईबाप हेच विचारायचे.

डोळ्यातून आत अक्षर जात नाही, नुसता उजेड-अंधार जातो. तो डोक्याच्या मागच्या भागात पोचला की तिथल्या पेशी काम वाटून घेतात, कुणी उभ्या रेघेलाच जागी होते, कुणी तिरप्या. ह्यूबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी हे मांजरावर प्रयोग करून दाखवलं, १९८१ ला नोबेल मिळालं त्यांना. मग रेघा जुळून कोपरे, वळणं बनतात आणि शेवटी मेंदूच्या डाव्या बाजूला, मागं, खालच्या अंगाला एक छोटी जागा आहे तिथं ठरतं की हा घ आहे. १८९२ मध्ये देजेरीन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं एक पेशंट नोंदवला, मेंदूच्या त्याच बाजूला इजा झाल्यावर तो लिहू शकायचा पण स्वतःचंच लिहिलेलं वाचू शकत नव्हता!

आता खरी गोष्ट. ही जागा जन्मापासून अक्षरांसाठी नसतेच. लिपी येऊन जेमतेम पाच हजार वर्षं झाली, तेवढ्यात मेंदूला नवीन भाग कुठून फुटणार, म्हणून चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातलीच थोडी जागा शिकता शिकता अक्षरांना मिळते. आणि लिपी कोणतीही असो, जागा जवळपास तीच. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले, उजवीकडून डावीकडं वाचायचे, देवनागरी नंतर शिकले, तरी दोन्ही लिप्यांना मेंदूतली जागा जवळपास तीच.

३ आणि ६ चा घोळ इथूनच येतो, कारण ६ म्हणजे जवळपास आरशातला ३. बैल डावीकडून बघा नाहीतर उजवीकडून, बैलच असतो, मेंदूला तीच सवय. अक्षरासाठी ती सवय मोडावी लागते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून पहिलीत याला दोष म्हणू नका, रागावू तर अजिबात नका. घ-ध चं वेगळं आहे, तिथं फरकच बारीक, घ ची शिरोरेघ अख्खी आणि ध ची डावीकडं तुटलेली, तेवढंच बोटानं दाखवायचं. मी ताटात माती पसरून बोटानं गिरवून घ्यायचे, सोबत मोठ्यानं आवाज, घराचा घ, धान्याचा ध. तिसरीतही असंच राहिलं तर मात्र डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचायला-लिहायला शिकताना येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्या.